गोल्फची काठी आणि धामणीची कावड



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे. आम्ही उलट कळविले की, विषय 'गोल्फची काठी' असा छापावा. त्यावर त्यांचा फोन आला. "आपल्याला गोफण म्हणायचे आहे का?" असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. गोफणीवर बोलायला आम्हांला आवडले असते. पण तुम्हां जुन्नरकरांना गोफण आम्ही काय शिकविणार!

या दोन तालुक्यांत, जुन्नरात आणि आंबेगावात, गोल्फचे मैदान आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे सपाट जमीन दिसली की माणूस तिथे कांदा लावतो, नारायणगावच्या बाजूला असेल तर टोमॅटो लावतो, आणि पश्चिमेकडे चढत गेले की भाताची खाचरे पाडतो. शंभर-दीडशे एकर जमिनीवर नुसते गवत वाढवून त्यात अठरा भोके पाडायची, आणि एक चेंडू काठीने मारत मारत त्या भोकांत घालायचा, ही कल्पना आमच्या आजाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आन् गुरं कुठं चरत्यात?" हा प्रश्न, श्रोते हो, अगदीच खुळा नव्हता. स्कॉटलंडात हा खेळ वाढला तो समुद्राकाठच्या पडीक, वाळवट कुरणांवरच, आणि तिथे मेंढरे चरतच होती.

आम्ही सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वाचनालयांत आणि एसटीच्या प्रवासात झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्र्यांचा नेटकेपणा नसेल, तो सांभाळून घ्यावा.

आधी काठीविषयी. आज गोल्फच्या काठीचा दांडा पोलादी नळीचा किंवा कार्बनच्या धाग्यांचा असतो. पण सुमारे शंभर वर्षे तो लाकडाचा होता, आणि ते लाकूड होते हिकरी. हे झाड उत्तर अमेरिकेतले, अक्रोडाच्या कुळातले. अमेरिकेत त्याचे कुऱ्हाडीचे दांडे होत, हातोड्याचे दांडे होत, गाडीच्या चाकांचे आरे होत. धक्का सोसावा, वाकावे, आणि परत सरळ व्हावे, हा त्याचा गुण. त्याआधी स्कॉटलंडचे कारागीर ॲशचे लाकूड वापरीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हिकरी जहाजाने येऊ लागली आणि बाकीची लाकडे मागे पडली. म्हणजे ज्या काठीला आपण साहेबाची काठी म्हणतो, ती मुळात लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीचा दांडा.

आणि नुसता दांडाच नव्हे. लाकडी डोक्याच्या ज्या काठ्या असत त्यांचे डोके पुढे पुढे पर्सिमन नावाच्या झाडाचे करू लागले. हे झाड आपल्या टेंभुर्णीचे सख्खे भावंड, एकाच वंशातले. टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळून हजारो बायांनी आयुष्ये काढली. तिच्या परदेशी भावंडाने गोल्फ खेळला! चेंडूचे तेच. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या चिकाचा चेंडू आला, आणि तो चीक मलायातल्या ज्या झाडाचा, ते आपल्या मोहाच्या नि चिकूच्या कुळातले. हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. परका म्हणून ज्या खेळाकडे पाहत होतो, त्याचे सगळे सोयरे आपल्या रानात उभे!

गटापर्चाच्या आधीचा चेंडू कसा होता, ते थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे आमच्या धंद्याचा संबंध येतो. चामड्याची लहानशी पिशवी शिवायची आणि उकडलेली पिसे तिच्यात कोंबायची. किती? तर उंच साहेबी टोपी भरेल इतकी पिसे मुठीत मावेल एवढ्या चेंडूत. लोखंडी दांडक्याला छातीचा जोर लावून ती ठासावी लागत. पिसे वाळून फुगायची, चामडे वाळून आवळायचे, आणि चेंडू दगडासारखा व्हायचा. एका माणसाचे दिवसभरात तीन-चार चेंडू होत, आणि पिसांचा बारीक भुगा छातीत जाई तो वेगळाच. सेंट अँड्र्यूजला ॲलन रॉबर्टसन नावाचा या कामातला नामांकित मालक होता, स्वतः मोठा खेळाडूही. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस काम करी. गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला तेव्हा रॉबर्टसनने त्याला कडाडून विरोध केला. एक दिवस टॉम त्या नव्या चेंडूने खेळताना मालकाला दिसला, दोघांत खटका उडाला आणि टॉमने ती जागा सोडली. १८५१ साली तो प्रेस्टविकला गेला आणि पुढे त्या खेळाचा पितामह झाला. नवे यंत्र, नवा माल आला की पहिला तडाखा कोणाला बसतो, हे आम्ही मुंबईच्या गिरण्यांच्या दारांत उभे राहून पाहिले आहे. इथे गंमत अशी की मालक जुन्याला धरून बसला आणि कामगार नव्याकडे गेला. इतिहास नेहमी आपल्या पोथीप्रमाणे वागतोच असे नाही.

आता आमची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा विषय घेतला.

साल १९८६. आम्ही सोळा वर्षांचे. गावाकडे घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात वरईची आणि भाताची थोडी शेती, पोट भरेना. नात्यातल्या एकाने एका शहराजवळच्या गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून लावून दिले. त्या मैदानाचे नाव आम्ही घेणार नाही. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागून चालणारा. चेंडू कुठे पडला ते पाहायचे, मागितली ती काठी द्यायची, आणि न विचारता बोलायचे नाही. अठरा भोकांची एक फेरी म्हणजे दोन-अडीच कोसांची चाल. तिचे आम्हांला आठ रुपये मिळत. पिशवीत चौदा काठ्या. चौदाच का, हे पुढे वाचनात आले. पोलादी काठ्या आल्यावर कारखान्यांनी एकसारखे संच विकायला काढले आणि काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या बाळगू लागले. म्हणून अमेरिकेत १९३८ साली चौदाची मर्यादा घातली गेली. कोणाच्या खांद्याचा विचार करून म्हणा, की खेळाचा कस राहावा म्हणून म्हणा. आमच्या खांद्याच्या वतीने आम्ही त्या नियमाचे आभारी आहोत.

तिथे एक वृद्ध गृहस्थ येत. त्यांच्या पिशवीत आठच काठ्या असत, सगळ्या हिकरीच्या, वडिलांकडून आलेल्या. त्यांची पिशवी मिळावी म्हणून आम्हां पोरांत चढाओढ असे, कारण हलकी! त्या काठ्यांना नंबर नव्हते, नावे होती: ब्रासी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक. पोलादाबरोबर नावे गेली आणि नंबर आले. गिरणीत माणसाचे नाव जाऊन बिल्ल्याचा नंबर येतो, तसेच काहीसे.

ते गृहस्थ सावकाश खेळत. आम्हांला वाटे, वयामुळे. तसे नव्हते. लाकडी दांडा नुसता वाकत नाही, तो पिळवटतोही. काठी मागे नेऊन खाली आणताना लोखंडी डोके किंचित मागे राहते, दांडा पीळ खातो, आणि चेंडूशी येईपर्यंत तो पीळ सुटावा लागतो. तेवढा क्षण थांबण्याची हाताला सवय हवी. घाई केली की चेंडू रानात. पोलादाला हा पीळ फार कमी. त्याला हाणले तरी चालते. म्हणूनच १९२९ साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी पोलादी दांड्याला परवानगी दिल्यावर चार-पाच वर्षांत हिकरी बाजारातून उठली. तरी १९३० साली बॉबी जोन्सने एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीनेच.

एके दिवशी त्या गृहस्थांनी मॅशी मारली आणि गवताखाली दगड होता. दांडा डोक्याच्या वर चार बोटांवर चिरफळला. आम्ही तिथे होतो, आम्ही पाहिले. पण खोलीवर परत आल्यावर कॅडींच्या मुकादमाने हिशेब असा लावला की पोराने पिशवी आपटली असणार. पंधरा दिवसांची मजुरी कापली, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. ते गृहस्थ व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांना ऐकू गेले असावे. ते काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. आज हजार माणसांपुढे बोलताना आमची जीभ अडखळत नाही, त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली.

मोडकी काठी त्यांनी कचऱ्यापाशी टेकवून ठेवली होती. ती आम्ही उचलली. का, ते आजही नीट सांगता यायचे नाही. थोडा राग होता, थोडे असे की गुन्हा आमच्या नावावर लागलाच आहे, तर वस्तू तरी हातात असावी.

गावी गेलो. सुतारमामांच्या पुढ्यात ती टाकली. त्यांनी फिरवून पाहिली. "ह्यो काय कुदळीचा हाय व्हय?" म्हणाले. मग तुटलेल्या जागेचे धागे बोटाने चाचपले, दाताखाली धरून पाहिले, आणि गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लाकूड आपलं न्हाई. पर धामणीच्या जातीचं काम करनारं हाय."

धामण म्हणजे साप नव्हे, झाड! शहरातल्या श्रोत्यांसाठी हे सांगावे लागते. फालशाच्या वंशातले, आपल्या घाटमाथ्याच्या उतारांवर वाढणारे. गुराखी पोरे त्याची फळे खातात. कुऱ्हाडीच्या दांड्याला, बैलगाडीला, वल्ह्याला, ओझ्याच्या कावडीला धामण वापरीत आलेले आहेत. पुष्कळ वर्षांनी एका वनविषयक पुस्तकात आम्ही वाचले की, हिकरीच्या जागी चालण्यासारखे हिंदुस्थानातले लाकूड म्हणून धामणीचे नाव घेतले जाते. मामांनी हे दाताने ओळखले होते.

पण नवी ओली धामण उपयोगाची नव्हती. ती वाळायला काळ लागतो. मामांनी आमच्या आजाला हाक मारली. आजाची कावड आढ्याला टांगलेली होती. त्या कावडीने त्याने हिरडा, भात, मीठ, एकदा तर आजारी माणूस वाहिला होता. नाणेघाटातून कोकणात उतरणारी ओझी जुन्या काळी माणसांच्या आणि बैलांच्याच पाठीवर गेली. घाटातला जकातीचा दगडी रांजण तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. तो रांजण भरणारी नाणी इतिहासात आहेत, ओझी वाहणारे खांदे नाहीत. ते असो. आजाने कावड खाली काढली, तिच्यावरून हात फिरविला आणि म्हणाला, "दोन कर. एक पोराला, एक मला राहू दे."

मामांनी कावड करवतीने कापली नाही. टोकाला पाचर ठोकून तिची धाग्याप्रमाणे फाळी केली. करवत धागा तोडते, पाचर धागा विचारते, असे ते म्हणत. मग वाकसाने तासून, रंध्याने गोल करून, शेवटी बाटलीच्या काचेने खरवडून दांडा उतरता केला: मुठीपाशी अंगठ्याएवढा, खाली करंगळीहून बारीक. लोखंडी डोके निखाऱ्यावर शेकले, आडवी खीळ ठोकून बाहेर काढली, आतला तुटका खुंट जाळून मोकळा केला. नवा दांडा राळेत बसविला, खीळ परत मारली, वर मेणाच्या दोऱ्याचे वेढे दिले. मुठीला जुनेच चामडे.

प्रश्न राहिला वाकण्याचा. किती लवावा हे मामांना कसे कळणार? त्यांनी तो खेळ कधी पाहिलाही नव्हता. ते म्हणाले, "तू मार, मी बगतो." खळ्यात आम्ही वाळत घातलेल्या हिरड्यांतला एकेक हिरडा घेऊन मारू लागलो. मामा कानाने ऐकत. "खाली जाड हाय," म्हणत आणि काचेने आणखी चार पापुद्रे काढीत. चाळीस-पन्नास हिरडे गेल्यावर आजी बाहेर आली आणि तिने जे सुनावले ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. हिरडा विकून घरात मीठ-तेल येत होते. तिचे खरेच होते. शेवटी जवसाचे तेल पाजून काठी दोन दिवस उभी ठेवली. मामांनी मजुरीचा शब्द काढला नाही. "दे म्हनावं काय द्यायचं त्ये," एवढेच.

आम्ही मैदानाच्या फाटकाशी उभे राहिलो. आत जाऊ दिले नाही. ते गृहस्थ मोटारीतून आले तेव्हा आम्ही काठी पुढे केली. त्यांनी ती घेतली, तिथेच रस्त्याकडेला उभे राहून दोनदा हवेत फिरविली, आणि विचारले, "कोणी केली?" आम्ही सांगितले. त्यांनी पन्नास रुपये काढून दिले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "दगड होता, ते मला माहीत होते." आम्हांला कामावर परत घेतले गेले. पंधरा दिवसांची मजुरी मात्र परत मिळाली नाही. ती मागायचा अधिकार आपल्याला आहे, हेच ठाऊक नव्हते. पन्नास रुपये मामांना दिले. त्यांनी वीस ठेवून घेतले आणि तीस आजाच्या हातावर ठेवले, कावडीचे म्हणून.

पुढे आम्ही युनियनच्या कामात पडलो. दहा-बारा वर्षांनी अशाच एका मैदानावरच्या कॅडींना संघटित करायला गेलो. तेव्हा कळले की हे काम किती निसरडे आहे. क्लब म्हणे, हे आमचे नोकर नव्हेत, पैसे खेळणारा देतो. खेळणारा म्हणे, मी तर पाहुणा, नियम क्लबचे. फंड नाही, विमा नाही, चेंडू डोळ्याला लागला तर वर्गणी. दोन वर्षे झगडून आम्ही मिळविले काय, तर एक पत्र्याची छपरी, पिण्याच्या पाण्याचा नळ, आणि फेरीच्या दराचा फळ्यावर लिहिलेला आकडा. नोकर म्हणून मान्यता मिळाली नाही. हा आमचा विजय म्हणून आम्ही कधी सांगितला नाही, पराभव म्हणूनही नाही. पोरांना फळा मात्र फार आवडला.

त्या काळात आम्ही गोल्फवर हाताला लागेल ते वाचले, आणि पाहिले की हिकरीच्या जमान्यातले कितीतरी वीर कॅडीच होते. १९१३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून विलायती दिग्गजांना हरविणारा फ्रान्सिस विमेट कॅडीचे काम केलेला. त्याची पिशवी धरणारे पोर दहा वर्षांचे. चिक इव्हान्स हाही शिकागोचा कॅडी. त्याने १९१६ साली तीच स्पर्धा अवघ्या सात काठ्यांनी जिंकली. तो हौशी खेळाडू राहिला, म्हणून खेळाच्या नावावर आलेला पैसा त्याला स्वतःला घेता येईना. त्याने तो कॅडींच्या शिक्षणासाठी लावला. १९३० पासून त्या शिष्यवृत्तीवर कॅडी पोरे विद्यापीठात जाऊ लागली. इंग्लंडात जे. एच. टेलर, शाळा लहानपणीच सुटलेला, माळ्याच्या हाताखाली राबलेला. १९०१ साली धंदेवाईक खेळाडूंची संघटना उभारण्यात तो पुढे होता. धंदेवाईकांना तेव्हा क्लबाच्या पुढच्या दाराने आत येता येत नसे.

आणि आपला माणूस म्हणाल तर पापवा सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेत मजूर म्हणून नेलेल्या हिंदी लोकांच्या वंशातला, कॅडी, लिहिता-वाचता न येणारा, आणि काठी उलट्या हाताने धरणारा. १९५९ साली त्याने हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बनला नाताळची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. पावसात बाहेर उभे राहून त्याने बक्षीस घेतले. ते छायाचित्र जगभर गेले. आम्ही ते प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला फाटकाबाहेर काठी घेऊन उभा असलेला एक सोळा वर्षांचा पोरगा दिसला.

अलीकडे परदेशांत हिकरीच्या काठ्यांनी खेळण्याची हौस पुन्हा उठली आहे. स्कॉटलंडात २००५ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. मंडळी गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे, गळ्यात टाय असा आजोबांचा वेष करून येतात. आम्हांला आधी हसू आले. शंभर वर्षांपूर्वीचा वेष चढवायचा, पण शंभर वर्षांपूर्वीची मजुरी कोणाला हवी आहे? मग विचार केला तेव्हा वाटले, यांतले पुष्कळजण स्वतः काचेने दांडे खरवडतात, दोऱ्याचे वेढे घालतात, तुटले तर जोडतात. विकत घेऊन फेकण्याच्या काळात कोणी माणूस एका दांड्याचा पीळ समजून घेण्यात वर्ष घालवीत असेल, तर सुतारमामांच्या पंगतीला त्याला बसवायला आमची हरकत नाही. फक्त पिशवी त्याने आपली आपण उचलावी. ऐकतो की त्यांतले बरेच जण उचलतातही. काठ्या थोड्या, म्हणून झेपते.

इकडे चेंबूरकडच्या वस्तीतली कॅडी पोरे इमारतीच्या लोखंडी सळया वाकवून त्यांच्या काठ्या करतात आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात. त्यात नवल काय? वकट, लेंड, मुंड म्हणत विटी कोलणाऱ्या पोरांना काठी आणि भोक यांचे नाते शिकवायला क्लब कशाला लागतो?

आमचे आजोळचे गाव पुढे डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. ते खळेही गेले. सामान हलविताना आजाने स्वतः कावडीचा उरलेला अर्धा खांद्यावर आणला. मामा आता नाहीत. ते वृद्ध गृहस्थ वारल्यावर त्यांच्या मुलीने पत्ता शोधून एक लांबट पुडके आमच्या कचेरीत पाठविले. आत मॅशी होती, चिठ्ठी नव्हती.

ती आज बरोबर आणली आहे. या टेबलावर आहे, शेजारी आजाच्या कावडीचा तुकडा आहे. दोन्हींचे धागे जुळवून पाहा. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हातात घ्यायची त्यांनी घ्यावी, मुलांनाही द्यावी. फक्त इथे मंडपात फिरवू नये, वर दिवे आहेत आणि चिटणिसांनी ते भाड्याने आणलेले आहेत.